चि. रेवतीस, बोटीवर जाण्याआधी

वास्को
बुधवार, रात्री

चि. रेवतीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आपलं जे झालं, त्यावर आज दिवसभर मी कुणाशी बोलले नाही, बाबांशीसुद्धा. सागरी लवाद शिकायचा आणि बोटीवर पाय ठेवायचा नाही हे कसं चालेल, असं तू विचारलंस. तुझं बरोबर आहे. शनिवारी जाऊ नकोस असं सांगायला मी हे लिहीत नाही. बोटीच्या अंगावर सोडलेल्या दोराच्या शिडीबद्दल थोडं लिहिते आणि तो विषय संपवते.

तुला बोटीपर्यंत नेणारी लाँच लाटेच्या माथ्यावर आली की शिडीवर पाय टाकायचा. ती खाली असताना टाकलास, तर पुढच्या लाटेला लाँच वर येते आणि पाय तिच्या नि पायरीच्या मध्ये सापडतो. हात बाजूच्या दोरांवर ठेव, पायऱ्यांवर नको. बॅग पाठीवर घेऊन चढू नकोस, वरून दोर सोडतात, त्याला बांधून पाठव. चढण्याआधी खालून नीट बघ: पायऱ्या आडव्या आणि बोटीच्या अंगाला टेकलेल्या हव्यात, दोन पायऱ्यांमध्ये ३१ ते ३५ सेंटिमीटर अंतर, खालच्या चार रबराच्या. मध्ये मध्ये लांब फळी असते ना, तो स्प्रेडर. शिडी पिळू नये म्हणून असतो, निदान १.८ मीटर लांब. आणि तुमची बोट अजून भरलेली नाही, म्हणजे पाण्याबाहेर उंच असणार. पाण्यापासून चढायची जागा ९ मीटरपेक्षा उंच असेल तर नुसती ही दोराची शिडी, म्हणजे पायलट लॅडर, चालत नाही, बाजूला तिरका जिना जोडून द्यावा लागतो. नियमच आहे तो, सर्व्हेअरला विचारायला लाजू नकोस. मामाचं तुला माहीत आहे, ते मी लिहीत नाही.

आता कामाचं.

कॅप्टनने बार्जमधला लोहखनिजाचा माल ओला म्हणून नाकारला आणि माल देणारे लॅबचं सर्टिफिकेट दाखवतायत, असं तू सांगितलंस. मग सर्टिफिकेटवरचा आकडा वाचण्याआधी तारीख वाच. ओलाव्याची चाचणी आणि माल चढवणं यांत सात दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. मध्ये पाऊस झाला असेल तर सात दिवसांच्या आतलं सर्टिफिकेटही पुरत नाही, पुन्हा तपासावं लागतं. बार्ज उघड्या असतात, आणि चवथीनंतरचा पाऊस कसा असतो ते तुला सांगायला नको. नमुना कुठून घेतला तेही विचार, ढिगाच्या वरून की आतून. वरचा थर उन्हाने सुकतो, आतला नाही. माल ज्या ओलाव्याला पातळ होऊन वाहू लागतो त्याच्या ९० टक्के ही टी.एम.एल., म्हणजे बोटीवर चढवायच्या मालातल्या ओलाव्याची मर्यादा. कॅप्टनने डब्याची चाचणी केली असेल, म्हणजे अर्धा डबा माल घेऊन साधारण २० सेंटिमीटरवरून २५ वेळा आपटायचा. पाणी सुटलं तर माल लॅबमध्ये पाठवावा लागतो. पण पाणी सुटलं नाही म्हणून माल सुरक्षित ठरत नाही, हे उलट वाक्य बरेच वकील विसरतात. कॅप्टन आडमुठा आहे असं तुझ्या ऑफिसात कुणी म्हणेल, ते लिहू नकोस. २००९ च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट आणि पारादीपजवळ ब्लॅक रोझ, दोन्ही असाच माल घेऊन बुडाल्या.

मग वेळेचा हिशेब. तुमची चार्टरपार्टी, म्हणजे बोट भाड्याने घेण्याचा करार, जेन्कॉन १९९४ च्या नमुन्याची असेल तर नोटीस ऑफ रेडिनेस (बोट तयार असल्याची नोटीस) दुपारी बाराच्या आत दिली की लेटाइम, म्हणजे माल चढवायला ठरलेला वेळ, एक वाजता सुरू होतो. बारानंतर कार्यालयीन वेळेत दिली तर दुसऱ्या कामाच्या दिवशी सकाळी सहाला. म्हणजे ११.५५ आणि १२.०५ यांत सतरा तासांचा फरक. दिवसाला २०,००० डॉलर डेमरेज (ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाल्याची भरपाई) धरलं तर चौदा हजारांच्या वर जातं. म्हणून नोटिशीचा ई-मेल नुसता पाहू नकोस, तो किती वाजता पोचला ते बघ, आणि बोटीचं घड्याळ स्थानिक वेळेवर होतं का तेही.

या हिशेबासाठी पावसाने काम थांबल्याच्या नोंदी तीन कागदांवरून ताडून घे: बंदरातल्या एजंटचं स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स (काय कधी झालं त्याची नोंद), बोटीचं डेक लॉग आणि माल चढवणाऱ्यांचा तक्ता. एजंट 'पाऊस, २ ते ६' असं लिहून मोकळा होतो आणि लॉगमध्ये हॅच (मालाच्या कोठाराचं झाकण) २.४० ला बंद, ४.१० ला उघडं असतं. लवादासमोर असली तफावत ज्याने आधी पकडली त्याचं ऐकलं जातं. लंडनच्या लवादातले छोटे दावे बहुतेक कागदांवरच निकाली निघतात, तोंडी सुनावणी होतच नाही. तुझं बोलणं छान आहे, पण तिथे ते ऐकायला कुणी नसतं.

भाषण झालं, रागावू नकोस. तू सहावीत असताना दोनापावलची फेरीबोट उशिरा सुटली की वहीत वेळ आणि कारण लिहायचीस. कारण माहीत नसेल तर खलाशाला जाऊन विचारायचीस. आजीला त्याचं फार कौतुक होतं. यंदा चवथीला गणपतीवरच्या माटोळीखाली बसून तू लेटाइमचा तक्ता भरत होतीस तेव्हा मला तीच वही आठवली, पण पाहुणे होते, बोलायचं राहिलं.

एक तारीख मात्र पाठ कर. बिल ऑफ लेडिंगखालच्या (बोटीने माल घेतल्याच्या पावतीखालच्या) मालाच्या दाव्याला माल मिळाल्यापासून, किंवा मिळायला हवा होता त्या दिवसापासून, एक वर्ष. 'आमचे हक्क राखून ठेवतो' असल्या पत्रांनी ते वर्ष थांबत नाही. लंडनच्या लवादासाठी लवाद नेमण्याची लेखी नोटीस त्या आत जावी लागते. मुदतवाढ मागायची तर बोटीच्या मालकाकडून लेखी घे, चार्टररने (बोट भाड्याने घेणाऱ्याने) दिलेली मालकाला बांधत नाही.

आणि ‘एलिझाबेथ’ या बोटीचा निवाडा परीक्षेपुरता वाचला असशील तर पुन्हा वाच. १९८४ साली ती आपल्या मुरगावातून बिल ऑफ लेडिंग न देता निघाली, गोव्यातल्या कंपनीचा माल पैसे न मिळताच परदेशात दिला गेला, आणि तिला विशाखापट्टणमला अडवलं. बाहेर जाणाऱ्या मालासाठीही परदेशी बोट इथे अडवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये सांगितलं. सागरी दाव्यांचा २०१७ चा कायदा त्यानंतरचा. आपल्या बंदरातून निघालेलं हे प्रकरण देशभर शिकवतात. तूही एक दिवस असं काही लढवावंस असं मला वाटतं, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता शेवटचं, आणि हे शिडीबद्दलच आहे, माफ कर. शिडी बरी वाटली नाही तर चढू नकोस. परत फिरलीस म्हणून केस बुडत नाही. लाँचमधूनच फोटो काढ, वेळ लिही, कॅप्टनला वायरलेसवर कळवायला सांग आणि तिथे बसूनच त्याला ई-मेल कर की शिडी सदोष असल्यामुळे तपासणी करता आली नाही. प्रत एजंटला. तो कागदही फाइलमध्ये जातो, आणि शिडी बदलून दुसऱ्या दिवशी जाता येतं. तुझ्या साहेबांना हे आधीच सांगून ठेव, म्हणजे तिथे कुणी घाई करणार नाही.

तुझी,
आई