रोबोटिक्स टीमसाठी युनिव्हर्सिटीचं वर्कशॉप उघडा

संपादक साहेब, नमस्कार.

रोबोटिक्स स्पर्धा झाली की पेपरात मुलांचे फोटो येतात, बघून छान वाटतं, पण त्याआधी कित्येक महिने ती टीम कुठे बसून काम करते, कोणाला विचारते, हे कोणी विचारत नाही म्हणून हे पत्र. मी हायस्कूलला सायन्स शिकवते आणि चार वर्षं शाळेची टीम सांभाळतेय. मोटर कशी चालते ते मी फळ्यावर शिकवू शकते, पण प्लेटला भोक जरा तिरकं पडलं की गिअर का अडकतो हे मलाही मुलांबरोबरच शिकावं लागलं.

एका युनिव्हर्सिटीला आम्ही पत्र दिलं होतं, आठवड्यातून एकदा वर्कशॉप वापरू द्या म्हणून. बरेच महिने उत्तर नाही, मग सेफ्टीचं कारण आलं, मग थोडे पैसे आणि एक मोठा बॅनर आला. पैशांबद्दल मनापासून आभार, त्यातून मोटर आणि बॅटऱ्या घेतल्या, पण लेथवर शेजारी उभं राहून शिकवणारं माणूस पैशाने कुठून आणायचं? आणि सेफ्टीचं म्हणाल तर ती काळजी खरीच आहे, पण गॉगल घालायला लावा, केस बांधायला लावा, पालकांची सही घ्या, लॅब असिस्टंट सोबत ठेवा, हे सगळं करता येतं की.

खरी मदत केली ती तिथल्याच सेकंड इयरच्या एका मुलीने, ती आपणहून दर शनिवारी यायची. एफटीसी म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी टीमच्या रोबोट स्पर्धेत मॅचचे पहिले ३० सेकंद रोबोटने स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालायचं असतं, मुलांच्या हातात कंट्रोलर नंतर येतो. आमचा रोबोट त्या ३० सेकंदात दर वेळी उजवीकडे ओढायचा. मुलं दोन आठवडे कोडच बदलत बसली होती. हिने लॅपटॉप बंद करायला लावला आणि म्हणाली, मार्करने प्रत्येक चाकावर आणि त्याच्या शाफ्टवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर, मिळून एक सरळ रेघ मारा आणि रोबोट चार वेळा पळवा. तिसऱ्या वेळेलाच उजव्या चाकाची रेघ तुटलेली दिसली, म्हणजे चाक शाफ्टला जोडणाऱ्या हबचा स्क्रू सैल, शाफ्ट पुढे जातोय आणि चाक मागे राहतंय. फिरणं मोजणारा सेन्सर, एन्कोडर, मोटरवर बसवलेला, त्यामुळे त्याचे आकडे बरोबरच येत होते! स्क्रू नववीतल्या पोराने घट्ट केला, तिने पान्याला हातसुद्धा लावला नाही. याला मी मेंटर म्हणते.

मग तिची परीक्षा आली, प्रोजेक्ट सबमिशन आलं आणि येणं बंद झालं. तिची चूक अजिबात नाही, इतके शनिवार दिले त्याचा तिच्या कोर्समध्ये एक क्रेडिटसुद्धा नव्हता.

या स्पर्धांचं मूळच मुळात युनिव्हर्सिटीच्या वर्गात आहे. अमेरिकन संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये फर्स्ट ही एफटीसी घेणारी संस्था काढली, तेव्हा त्यांच्या सोबत एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स होते, आणि ते आपल्या वर्गात विद्यार्थ्यांना सुट्या भागांचा डबा देऊन मशीन बनवायला लावायचे आणि मग त्या मशीनची स्पर्धा घ्यायचे. १९९२ ची पहिली स्पर्धा एका हायस्कूलच्या जिममध्ये झाली, २८ टीम होत्या. अमेरिकेतल्या केटरिंग युनिव्हर्सिटीने तर कॅम्पसवर शाळांच्या टीमसाठी वेगळं सेंटरच काढलंय, वेगवेगळ्या शाळांची मुलं एकाच छताखाली काम करतात, सरावाचं फिल्डही तिथेच.

एवढं मोठं सेंटर कोणी लगेच काढा असं मी म्हणत नाहीये. शनिवारी दुपारी वर्कशॉप उघडं ठेवा, वर्षभर एकाच टीमकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे क्रेडिट द्या, आणि त्याच्या परीक्षेच्या काळात दुसरं कोणीतरी टीमकडे येईल एवढं बघा. सुरुवात सीझनच्या आधीच करा, कारण स्पर्धेच्या आठवड्यात आलेल्या मेंटरला मुलांच्या हातातून पाना काढून घेण्याशिवाय वेळच उरत नाही.

आमच्या नवीन टीममध्ये या वर्षी सात मुलं आहेत, त्यातल्या चौघांनी अजून ड्रिल मशीन हातात धरलेलं नाही. कुठल्या विभागप्रमुखांनी हे वाचलं तर शाळेला नुसता एक निरोप द्या, मी मुलांना घेऊन येते.

– एक विज्ञान शिक्षिका