हिलोच्या आंटींना

आंटी, नमस्कार.

सगळेच तुम्हाला ‘आंटी’ म्हणत होते, आमच्याकडे मावशी म्हणतात तसं, म्हणून मीही तेच म्हणते. मे महिन्यात धो धो पावसात हवाईतल्या तुमच्या ‘इमिलोआ’ खगोल केंद्रात शिरलेल्या त्या डोंबिवलीच्या मायलेकी आम्ही. मौना केआ पर्वताच्या माथ्यावर जायची आमची गाडी ऐनवेळी रद्द झाली होती. सत्तरीच्या बाईला 4,205 मीटर झेपलं असतं का, हा प्रश्नच होता म्हणा. पण आईचं तोंड उतरलं होतं.

पाट्या हवाईयन आणि इंग्रजीत. आईला दोन्ही येत नाहीत. ती बाकावर बसून राहिली, तर तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि तिचा हात समोर लांब करून अंगठा क्षितिजावर, बोटं वर ताणून धरायला लावलीत. “अगं, ही तर वीत!” आई म्हणाली. तुमच्याकडे ध्रुव साधारण वीतभरच वर असतो, आमच्याकडेही तेवढाच. अक्षांश जवळजवळ एकच, हे नकाशात पाहूनही माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग ‘होकुलेआ’ या शिडाच्या नावेची गोष्ट. 1976 साली माऊ पियाइलुग या नाविकाने होकायंत्राशिवाय, तारे आणि लाटा वाचत ती नाव ताहितीला नेली. परतताना होकुलेआ तारा बरोबर डोक्यावर आला की हवाईचा अक्षांश गाठला. तो तारा म्हणजे आमची स्वाती! आणि मकालिई म्हणजे कृत्तिका. आई एकेक मराठी नाव सांगत होती, तुम्ही ते घोकत होतात. ‘कृत्तिका’वर तुमची जीभ अडखळली तेव्हा ती दिवसभरात पहिल्यांदा हसली.

मौना केआवर उभारायच्या तीस मीटरच्या दुर्बिणीचं मी जरा बिचकतच विचारलं. भारत त्यात भागीदार, आमच्या पुण्याची ‘आयुका’ ही खगोलसंस्थाही. पवित्र डोंगरावर ती नको म्हणून 2019 साली रस्ता अडवून बसलेल्या तुमच्या वडीलधाऱ्यांबद्दल तुम्ही आवाज न चढवता बोललात आणि तुमच्या घरातही दोन मतं आहेत, हेही सांगून टाकलंत. माहितीपत्रकातलं गुळगुळीत उत्तर दिलं असतंत तर मी ते एव्हाना विसरलेही असते.

घरी आल्यावर, मेअखेरीस, रात्री साडेदहाला आम्ही गच्चीवर गेलो. आईने वीत धरली. ध्रुव समोरच्या टॉवरमागे गेलाय. स्वाती मात्र थेट डोक्यावर होती, मान दुखायला लागली तेव्हा आई सरळ चटईवर आडवी झाली आणि म्हणाली, “त्या बाईंना कळव गं.”

म्हणून हे पत्र. मनापासून आभार, आंटी.