विषय: कॅमेरा स्टॉकचा सदोष ट्रिगर, नाकारलेली वॉरंटी आणि ‘मोटरपंप’

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं सातव्यांदा बोलणं झालं. आठव्यांदा फोन करणार नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. पावती, वॉरंटी कार्ड आणि तुमच्याच माणसाच्या व्हॉट्सॲप निरोपांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

तुमचा खांद्यावर टेकवायचा कॅमेरा स्टॉक मी 8,450 रुपये भरून घेतला. माझी लेन्स 150-600 मिमीची, वजन दोन किलोच्या आसपास. कॅमेरा धरून सगळं तीन किलोच्या आत बसतं आणि तुमच्या खोक्यावर पाच किलो छापलंय. हे आधीच लिहितो, कारण तिसऱ्या फोनवर मला ‘लेन्स जड असेल’ असं सांगण्यात आलं होतं.

बिघाड एकच आहे. ट्रिगर अर्धा दाबला की फोकस आणि पूर्ण दाबला की शटर, असं व्हायला हवं. माझ्या ट्रिगरवर बोट टेकवलं की थेट शटर पडतं. फोकस धरायला वेळच मिळत नाही. कॅमेरा सलग फोटोंवर ठेवला असेल तर बोट उचलायच्या आत पाच-सहा फ्रेम वाया जातात. कारणही मी शोधून दिलं होतं. ट्रिगरची तार कॅमेऱ्यात ज्या पिनने जोडतात तिचं टोक शटरचं, मधली रिंग फोकसची, मागचा भाग दोन्हींना कॉमन. ट्रिगरला हात न लावता टोक आणि रिंग यांच्यात मल्टिमीटर लावला तर तो वाजतो. म्हणजे दोन्ही तारा आत एकमेकींना चिकटल्या आहेत. गावात मोटरी भरून देणाऱ्या पोरालाही हे कळतं. मी त्याच्याच दुकानात बसून मीटर लावला होता.

हे सांगितल्यावर तुमच्याच तंत्रज्ञाने व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘ग्रिपचे चार स्क्रू काढून आतला फोटो पाठवा.’ मी काढले, फोटो पाठवला. दोन टर्मिनलच्या मधोमध मुगाच्या दाण्याएवढा सोल्डरचा थेंब पडलेला त्यात स्वच्छ दिसतो. चार दिवसांनी उत्तर आलं: ग्राहकाने उत्पादन उघडल्यामुळे वॉरंटी रद्द. उघडायला सांगणारे तुम्ही आणि उघडलं म्हणून नाकारणारेही तुम्हीच. तो थेंब मी दोन मिनिटांत काढू शकतो, पण अजून काढलेला नाही. तोच माझा पुरावा आहे.

आता आजच्या फोनबद्दल. हा प्रसंग तुमच्या वरिष्ठांनी पूर्ण वाचावा.

मी गोंदिया तालुक्यात बिरसीच्या धावपट्टीजवळच्या गावात राहतो. घरची धानाची शेती आहे आणि गावात छोटा फोटो स्टुडिओ. फोन लागला तेव्हा मी धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होतो. तुमच्या प्रतिनिधीने नाव विचारलं, पत्ता विचारला. पत्ता ऐकल्यावर त्याचा आवाज बदलला. तेवढ्यात प्रशिक्षणाचं डायमंड डीए-40 विमान माझ्या डोक्यावरून वळलं.

तो म्हणाला, “सर, मागे मोटरपंप चालू आहे. तो बंद करा, मग बोलू.”

मी म्हणालो, “तो पंप नाही, विमान आहे. त्याच्याच फोटोसाठी तुमचा स्टॉक घेतलाय.”

तो हसला. मग फोनवर हात ठेवून, की न ठेवताच, शेजारच्याला म्हणाला, “गावाकडचा आहे. म्हणतो विमान आहे.” मला प्रत्येक शब्द ऐकू आला. समोर ‘सर’ आणि मागे ‘म्हणतो’. परत माझ्याशी बोलायला आला तेव्हा विचारलं, “लग्नाच्या ऑर्डरसाठी घेतलंय का सर? त्यासाठी नाहीये ते.” मी पुन्हा सांगितलं, विमानांसाठी. तो म्हणाला, “खेड्यात विमान कुठलं सर?” आणि मला थांबायला सांगून अकरा मिनिटं धून ऐकवली. मग फोन कट झाला.

खेड्यात विमान कुठलं, याचं उत्तर लिहून देतो. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. आज तिथे देशभरातली मुलं वैमानिक व्हायला येतात. एटीआर 72 हे प्रवासी विमानही इथे उतरलेलं आहे, त्याच्या सहा पात्यांचे फोटो माझ्या स्टुडिओच्या भिंतीवर लावलेत. माझ्या आईला आवाजावरून एका इंजिनाचं विमान कोणतं आणि दोन इंजिनांचं कोणतं हे कळतं. तुमच्या प्रतिनिधीला मोटरपंप आणि विमान यातला फरक कळला नाही आणि हसला मात्र तो.

स्टॉक कशासाठी घेतला हे तुम्हाला ठाऊक असायला हवं, पण ज्या अर्थी सात फोनांत एकालाही कळलं नाही त्या अर्थी सांगतो. जेट विमानाला शटर 1/1000 सेकंद ठेवलं तरी चालतं. पंख्याच्या विमानाला चालत नाही. पंखा मिनिटाला साधारण 2400 फेरे घेतो. 1/1000 ला तो जेमतेम 14 अंश फिरतो, म्हणजे फोटोत पाती काठीसारखी उभी राहतात आणि विमान दोरीला टांगल्यासारखं दिसतं. 1/125 ला तो तिसरा हिस्सा फेरा घेतो आणि पात्यांची चकती दिसते. तो फोटो जिवंत वाटतो. पण 600 मिमी लेन्स हातात धरून 1/125 ला विमानामागे फिरवायची म्हणजे खांदा, गाल आणि दोन्ही हात एकाच लयीत हवेत. ट्रायपॉडचे पाय बांधीच्या चिखलात रुततात. एका पायाचा मोनोपॉड विमान डोक्यावर आलं की निरुपयोगी ठरतो. म्हणून स्टॉक. डावा हात लेन्सखाली, उजवा ग्रिपवर. पाचव्या फोनवर मला सल्ला मिळाला की ‘मग कॅमेऱ्याचं बटण दाबा’. उजवा हात ग्रिपवरून काढला तर स्टॉक कशाला घ्यायचा?

हे काही नवीन यंत्रही नाही. सोव्हिएत रशियात 1965 पासून ‘फोटोस्नायपर’ नावाचा संच निघत होता. झेनिट कॅमेरा, 300 मिमीची ताईर-3 लेन्स, खाली खांद्याला टेकवायचा बट आणि ट्रिगर. ट्रिगर ओढला की आधी लेन्सचं छिद्र ठरवलेल्या आकड्यापर्यंत मिटायचं आणि मग शटर पडायचं. दोन टप्पे, तेही एका तारेशिवाय. साठ वर्षांपूर्वी जे लोखंडाने जमलं ते तुम्हाला सोल्डरने जमू नये?

नुकसान किती झालं, असं चौथ्या फोनवर विचारलं होतं. पैशात सांगता येत नाही ते इथे सांगतो. इथल्या एका मुलाचा पहिला सोलो होता. प्रशिक्षक खाली उतरतो, मुलगा एकटा विमान वर नेतो, एक फेरी घालतो आणि एकटाच उतरवतो. हे आयुष्यात एकदा होतं. मुलगा केरळचा, वडील तिकडे. त्यांनी मला फोनवर हिंदीत जुळवून जुळवून सांगितलं होतं की मुलगा एकटा असेल तोच फोटो हवा, मागच्या-पुढच्या फेरीचा नको. मी पहाटेपासून धुऱ्यावर होतो. विमान चाकं टेकवायला खाली येत होतं, कॉकपिटमध्ये एकच डोकं दिसत होतं आणि बाजूची सीट रिकामी. मी फोकस धरायला ट्रिगरवर बोट टेकवलं आणि कॅमेरा सुटला. बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरेपर्यंत सुटतच राहिला. एकेचाळीस फ्रेम, एकेचाळीसही धूसर. मागची पळसाची झाडं मात्र काही फ्रेममध्ये स्वच्छ आली आहेत. त्या वडिलांना मी काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी वॉरंटीत बसत नाही पण गंभीर आहे. तुमचा स्टॉक बटापासून ट्रिगरपर्यंत काळा आहे आणि लांबून बंदुकीसारखा दिसतो. आमचा जिल्हा नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला आहे. धावपट्टीजवळच्या शेतात असं काही खांद्याला लावून उभं राहणं म्हणजे काय, याचा विचार तुमच्याकडे कुणी केला आहे का? मी स्वतः पोलीस पाटलांना आधी जाऊन दाखवलं आणि बटाला पिवळी चिकटपट्टी गुंडाळली. दुसऱ्या फोनवर मी विनंती केली होती की खोक्यावर एक ओळ छापा, दुसरा एखादा रंग काढा. ‘फीडबॅक नोंदवला’ एवढंच ऐकायला मिळालं. उद्या एखाद्या पोरावर कुणी बंदूक रोखली तर तो फीडबॅक कुणाला दाखवणार?

माझी मागणी: पूर्ण 8,450 रुपये परत, वॉरंटी रद्द केल्याचं पत्र मागे आणि आजच्या फोनबद्दल लेखी माफी. बदली स्टॉक नको. तुमच्या कंपनीवर माझा भरवसा होता, याआधी तुमचे दोन ट्रायपॉड आणि एक फ्लॅश ब्रॅकेट मी घेतलं आहे आणि तालुक्यातल्या चार स्टुडिओंना तुमचंच नाव सांगितलं आहे. आता त्या चौघांना मी हे पत्र वाचून दाखवणार आहे.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंद करून गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार मला माझ्या राहत्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी तुमच्या शहरात यावं लागत नाही, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. तुम्हाला मात्र इथे यावं लागेल. आलात तर धावपट्टीजवळ थोडं थांबा आणि तो आवाज मोटरपंपाचा आहे का ते स्वतः ऐका.

ग्रिप उघडलेलाच आहे, त्याचे चार स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेत. तो कुरिअरने पाठवणार नाही. तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर मीटर लावतो.

आपला ग्राहक,
ता. जि. गोंदिया