न भुंकणारी कुत्रीपण राखण करते

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात आमच्या वाड्यावर दोन घरांची मागची दारं कुणीतरी रात्री ढकलून बघितली. चोरीला काय गेलं नाही पण लोक घाबरले, आणि त्याच विषयावर बोलायला शेजारचे काका आमच्या सोप्यावर येऊन बसले आणि बोलता बोलता म्हणाले, तुमची ही टिकली भुंकतच नाय, उगाच शीत घालून पोसताय, असला कुत्रा असून नसून सारखाच. काका मनानं वाईट नाहीत, आमच्या अडीअडचणीला तेच पहिले धावून येतात, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. पण ते वाक्य काय डोक्यातून जाईना. गोव्यात आमच्यासारखी घरं काय कमी आहेत का, नवरा तारवार म्हणजे जहाजावर नोकरीला, घरात म्हातारी सासू, कॉलेजला जाणारी मुलगी आणि मी, आणि आजूबाजूला पोफळी-नारळाचं कुळागर, रात्री आठनंतर चिटपाखरू नसतं. अशा घरात कुत्रं काय करतं ते रोज बघणारीनं सांगायला पाहिजे असं वाटलं म्हणून लिहिते.

टिकली गावठी आहे, 2018 च्या पावसात फोंड्याच्या बाजारात भाजीवालीच्या पाटीमागं भिजत बसलेली, काळीकुट्ट आणि कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. ती भुंकते, नाही असं नाही, पण वर्षातनं मोजून काय दहा-बारा वेळा. पाव विकणाऱ्या पदेराचा भोंपू वाजला तर डोकंसुद्धा उचलत नाही, फक्त एक कान त्या बाजूला वळतो आणि परत खाली येतो, कारण तो रोजचा आवाज आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. मासे विकणारी नुस्तेंवाली आली तरी तसंच. पण कुळागरातनं कुणी आडवाटेनं आला की आम्हाला पत्ता लागायच्या आधी ती उठून बसलेली असते, तोंड मिटलेलं, कान पुढं, शेपटी एकदम स्थिर. आपल्याला 20 हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुप्पट वरचं, आणि वासाचं तर विचारूच नका, त्यामुळं तिनं मान वळवली की मी आता हातातलं काम ठेवून त्या बाजूला बघते. तिनं भुंकायची गरजच काय, मला कळलं ना.

सगळ्यात आधी सांगायचंय ते तिच्या झोपायच्या जागेचं. ती माझ्या खोलीच्या उंबऱ्याला आडवी झोपते, पाठ माझ्याकडं आणि तोंड सोप्याच्या दाराकडं. पहिली काही वर्षं मला वाटायचं हिला तिथं थंड लागत असेल, फरशी आहे ना. मग मिस्टर जहाजावरनं सुट्टीला आले तेव्हा बघितलं, दोन रात्री ती तिथंच झोपली आणि तिसऱ्या रात्रीपासनं सासूबाईंच्या खोलीच्या दाराशी गेली, आणि ते परत जाईपर्यंत तिथंच. ते बॅग घेऊन गाडीत बसले त्या रात्री टिकली परत माझ्या उंबऱ्यावर. असं एकदा नाही, प्रत्येक सुट्टीला झालंय, मी मुद्दाम लक्ष ठेवलंय. घरात एकटं कोण आणि कुणाजवळ माणूस आहे याचा हिशोब ती तिच्या परीनं करते असं मला वाटतं, बाकी कुणी काय म्हणो.

दुसरं म्हणजे मध्ये येणं. कुणी अनोळखी माणूस अंगणात उभा असला आणि मी त्याच्याशी बोलत असले की ती हळूच येते आणि आम्हा दोघांच्या मधोमध आडवी उभी राहते, माझ्या गुडघ्याला तिची कूस टेकलेली असते. गुरगुर नाही, दात नाही, काय नाही. मागच्या वर्षी एकजण गॅसची पाईप बघायला आलोय म्हणून आला, मुलगी कॉलेजला, सासूबाई झोपलेल्या. टिकली उंबऱ्यावर अशी उभी राहिली की त्याला आत यायला जागाच नाही. तो म्हणाला बाई कुत्र्याला धरा, तिच्याकडं बघून मलापण जरा सावध वाटलं म्हणून मी म्हटलं आधी ओळखपत्र दाखवा, तो म्हणाला गाडीत आहे आणतो, आणि गेला तो परत आलाच नाही. तो खरा होता की खोटा हे मला आजपर्यंत ठाऊक नाही, त्याच्यावर आळ घेत नाही. पण ओळखपत्र मागायचं मला सुचलं ते तिच्यामुळं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन.

2023 च्या जुलैमधली गोष्ट तर मी कधी विसरणार नाही. पावसानं जरा उघडीप दिली म्हणून मी पोफळीत पडलेल्या झावळ्या ओढायला गेले होते, टिकली पुढं पुढं. ती मध्येच थांबली. मी बाजूनं जायला लागले तर माझ्या पायात आली, मी तिला सरक म्हणून ढकललं तर परत आली आणि पूर्ण अंगानं माझ्या पायांवर रेलली, चांगलंच वजन टाकलं, मी चिडलेच. आणि मग तो आवाज ऐकला, कुकरची शिटी व्हायच्या आधी वाफ सुटते ना तसा. घोणस होती, झावळीच्या खाली वेटोळं घालून, माझ्यापासनं तीन-चार पावलांवर. टिकली तिच्यावर धावून गेली नाही की भुंकली नाही, फक्त मला पुढं जाऊ दिलं नाही आणि मी मागं हटले तशी तीपण माझ्याबरोबर मागं मागं आली, नजर सापावरच ठेवून. घोणस चावली असती तर बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत काय झालं असतं ते देवालाच माहीत. आपल्याकडं गावाच्या शिवेवर राखणदार असतो म्हणतो ना आपण, त्याला वर्षाला नारळ देतो, गाऱ्हाणं घालतो. तो काय आरडाओरडा करत फिरत नाही. त्या दिवशी घरी येऊन सासूबाईंनी टिकलीवरनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या आणि मलापण त्यात काही वावगं वाटलं नाही.

सासूबाईंना डायबेटीस आहे. त्या रात्री बाथरूमला गेल्या की ही उठून मागं जाते, बाहेर बसते, त्या आल्या की परत येऊन आडवी होते. एका रात्री अडीचच्या सुमारास माझ्या हाताला ओलं नाक लागलं, मी झटकलं, परत लागलं, चार-पाच वेळा. उठून बघते तर सासूबाई घामानं भिजलेल्या, बोलणं जड, शुगर बघितली तर 54, म्हणजे फारच खाली. साखरेचं पाणी दिलं, थोड्या वेळानं ठीक झाल्या. आता याच्यावरनं कुणी कुत्र्याच्या भरवशावर औषध-गोळ्या सोडू नका, मशीन ती मशीन. पण तिला त्यांच्या घामाचा की श्वासाचा वास वेगळा लागला असणार असं मला वाटतं.

माझी मुलगी बीएस्सी करते, तिनं मला मोबाईलवर वाचून दाखवलं की 2022 मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत 36 लोकांना 9000 पासनं 17-17 नं उलटं मोजायला लावलं, कुणालाही घाम फुटेल असं काम, आणि आधीचा आणि नंतरचा घाम-श्वास कापडावर घेऊन 4 कुत्र्यांना हुंगायला दिला. ताण आल्यानंतरचा नमुना त्यांनी 720 वेळांपैकी 93.75 टक्के वेळा बरोबर ओळखला. म्हणजे आपण तोंडानं काय बोललो नाही तरी आपण घाबरलोय हे त्यांना नाकानं कळतं. मी त्या गॅसवाल्यासमोर हसून बोलत होते, पण आतनं मला भीती वाटत होती, आणि टिकलीला तेवढं पुरलं.

अजून एक मुलीनं सांगितलेलं मला फार आवडलं. जपानच्या क्योटो युनिव्हर्सिटीत 2015 मध्ये 54 कुत्रे घेतले, त्यातल्या एका गटासमोर मालक डबा उघडायची धडपड करतो, शेजारी बसलेल्याकडं मदत मागतो आणि तो तोंड फिरवतो. नंतर त्या माणसानं आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या बसलेल्या माणसानं खाऊ पुढं केला तर त्या गटातले कुत्रे तोंड फिरवणाऱ्याकडनं घ्यायचं टाळायला लागले. हे ऐकल्यावर मला आमच्या ओळखीतले एक गृहस्थ आठवले, ते सासूबाईंशी एकदा फार वाईट बोलले होते, टिकली तेव्हा पायाशी होती, आणि त्यानंतर त्यांनी कितीदा बिस्किट टाकलं तरी तिनं तोंड लावलेलं नाही. बाकी सगळ्यांकडनं बिस्किट खाते हो.

शेपटीचंपण तसंच. शेपटी हलवते म्हणजे खूश आहे असं आपण धरून चालतो. इटलीत बारी गावच्या युनिव्हर्सिटीत 2007 मध्ये 30 कुत्र्यांवर बघितलं, मालक दिसला की शेपटी कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त जाते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डाव्या बाजूला. उजवं-डावं मला काय घाईत दिसत नाही, पण सैल शेपटी आणि वर ताठ धरून थरथरणारी शेपटी यातला फरक कुणालापण दिसतो, बघितलं तर.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण हे सगळं मी टिकलीचं कौतुक करायला लिहीत नाही. माझ्या हातनं एक मोठी चूक झालीय आणि ती दुसऱ्यांच्या हातनं होऊ नये म्हणून लिहिते. चार वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत नणंदेचा मुलगा आलेला, सहा वर्षांचा, तो टिकलीच्या गळ्यात पडायचा, कान ओढायचा. ती आधी तोंड बाजूला वळवायची, जांभई द्यायची, ओठ चाटायची, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा, आणि मला काय त्यातलं काहीच कळत नव्हतं. मग एक दिवस ती हळू गुरगुरली. मी तिला चपलेनं मारलं. पाहुण्या पोरावर गुरगुरते म्हणून. दोन-तीन वेळा असं झालं आणि मग तिनं गुरगुरणं सोडलं, मला वाटलं सुधारली. पुढच्या मेमध्ये तोच मुलगा ती झोपलेली असताना अंगावर पडला आणि तिनं काही आवाज न करता एकदम तोंड मारलं. शर्टाची बाही फाटली, दात लागला नाही, आमचं नशीब.

मी रडतच फोंड्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडं गेले, की हिला काय झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तिला काय झालेलं नाही, गुरगुरणं म्हणजे तिचं लांब राहा असं सांगणं होतं, ते तुम्ही मारून बंद केलं, मग तिच्याकडं सांगायला उरलं काय. गुरगुरल्यावर मारायचं नाही, पोराला बाजूला घ्यायचं, आणि कुत्र्याला उठून जायला वाट ठेवायची. तेव्हापासनं मी तसंच करते. पोरालापण शिकवलं की झोपली असेल, खात असेल तर जायचं नाही, गळ्यात पडायचं नाही, हात पुढं करून ती आली तर आली. आता त्या दोघांचं छान जमतं, आणि टिकली परत गुरगुरायला लागायला जवळजवळ वर्ष लागलं. पहिल्यांदा गुरगुरली तेव्हा मला खरंच हायसं वाटलं.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. गेटला दिवसरात्र साखळीनं बांधलेला कुत्रा येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांवर तुटून पडतो, लोक म्हणतात काय राखणदार कुत्रा आहे, पण त्यातले कितीतरी नुसते घाबरलेले असतात, पळून जाता येत नाही म्हणून भुंकतात. ताटाजवळ कुणी आलं की दात दाखवणं हे मालकाचं रक्षण नव्हे, ते ताटाचं रक्षण. आणि जो सगळ्यांवरच भुंकतो त्याच्या भुंकण्याकडं शेवटी घरचेसुद्धा लक्ष देत नाहीत. आमच्या वाड्यावर मागच्या दारांना हात लागला ती दोन्ही घरं बांधलेल्या कुत्र्यांची होती, ते कुत्रे त्या रात्री भुंकतपण होते, पण ते रोजच भुंकतात, म्हणून कुणी उठलं नाही. काकांना मी हे बोलले नाही, कारण त्यातलं एक घर त्यांचं.

तुम्हाला विनंती एवढीच. कुत्रा चावला की बातमी येते, अमुक जातीवर बंदी घाला की नको यावर पानं भरतात, ते छापायलाच पाहिजे. 2021 मध्ये आपलं गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, घरोघर जाऊन लस टोचणाऱ्यांचे कष्ट आहेत त्यामागं. तरी चावा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा, हे घरातल्या पोरांना पाठ पाहिजे. पण त्याबरोबर रविवारच्या पुरवणीत कुणा जनावरांच्या डॉक्टरांकडनं कुत्र्याच्या अंगाची भाषा सोप्या मराठीत लिहून घ्या, चित्रं काढून, जांभई म्हणजे काय, ओठ चाटणं म्हणजे काय, मध्ये येऊन उभं राहणं म्हणजे काय. मे महिन्याच्या सुट्टीआधी आलं तर बरं, पाहुण्यांची पोरं तेव्हाच येतात, आणि गणेश चवथीच्या आधी परत एकदा, फटाक्यांनी बिथरलेली कुत्री तेव्हाच तोंड मारतात. पंचायतीत लसीचा कॅम्प असतो तिथं ते कात्रण मी स्वतः वाटीन, झेरॉक्सचा खर्च माझा.

पत्र फार लांबलंय, जागा नसेल तर काटछाट करा, टिकलीचं कौतुक सगळं काढलं तरी चालेल, पण गुरगुरल्यावर मारू नका हा भाग तेवढा ठेवा.

आपली नेहमीची वाचक,
म्हार्दोळ, फोंडा