समुद्रकाठच्या प्लॉटच्या जाहिरातीत गट नंबर छापा

संपादक महोदय,

गेल्या शनिवारच्या पुरवणीत निवृत्तीनंतर कोकणात 'सेकंड होम' घेण्यावर पानभर लेख होता आणि त्याच पानावर दापोली, श्रीवर्धन, गुहागरकडच्या प्लॉटच्या जाहिराती. मी महावितरणमध्ये प्रधान तंत्रज्ञ आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. समुद्राकाठी दोन खोल्यांचं घर असावं असं मला आणि मिसेसना फार वर्षांपासून वाटतं. नाशिकरोड, जेलरोड भागात आमच्यासारखे पुष्कळ आहेत. कुणी नोटांच्या प्रेसमधले, कुणी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले, कुणी शाळेतले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी आयुष्यात एकदाच हातात येते. म्हणून आपल्याला कळकळीची विनंती आहे, की अशा जाहिरातीत जमिनीचा गट नंबर, एनए म्हणजे बिगरशेती आदेशाचा क्रमांक, महारेराचा (बांधकाम-प्लॉटिंग प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा) नंबर आणि भरतीरेषेपासूनचं अंतर नसेल तर ती जाहिरात घेऊ नका.

आमच्या एका सहकाऱ्याने पीएफमधून पैसे उचलून दापोलीकडे पाच गुंठे घेतले. 'स्वतंत्र सातबारा' असं जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं. हातात आला तो सामाईक सातबारा, त्यावर वीसेक नावं. पोटहिस्सा मोजणी, म्हणजे त्याच्या वाट्याची वेगळी सरकारी मोजणी नाही, नकाशा नाही. सिमेंटचे खांब रोवून त्याला जो चौकोन दाखवला, त्याला कागदावर कसलाच आधार नाही. बांधकामाची परवानगी मागायला गेला तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती आणा म्हणाले, आणि त्यातले निम्मे त्याने कधी पाहिलेलेही नाहीत. तो मूळचा सिन्नरचा, घरची शेती आहे, म्हणून शेतकरी दाखला तरी होता. ज्यांच्याकडे तोही नाही त्यांना कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तरी एजंट 'ते आम्ही बघून घेऊ' म्हणतात आणि बयाणा घेऊन मोकळे होतात.

गट नंबरावर माझा एवढा भर का? गाव आणि गट नंबर कळला की डिजिटल सहीचा सातबारा नाशिकला घरी बसून 15 रुपयांत काढता येतो. जमीन शेतीची की एनए, कूळ आहे का, कर्जाचा बोजा कुणाचा, वर्ग 1 (विकायला मोकळी) की वर्ग 2 (विकायला सरकारी परवानगी लागणारी), सगळं त्यात दिसतं. फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीही बघता येतात. हे बघून मग गाडीत पेट्रोल टाकावं. पण जाहिरातीत फक्त 'बीचपासून चालत पाच मिनिटं' आणि एक मोबाइल नंबर. फोन केला की 'आधी साइट व्हिजिटला या साहेब.'

त्या 'चालत पाच मिनिटं'मध्येही मेख आहे. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांच्या 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे खेड्यापाड्यांत भरतीरेषेपासून 200 मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र आहे. 2011 च्या जनगणनेत जिथे दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त वस्ती होती, तिथे तो 50 मीटर. पाच मिनिटं चालत म्हणजे माझ्यासारख्याचे तीनशे-साडेतीनशे मीटर, आणि एजंटच्या भाषेत कितीही कमी-जास्त. अंतर मीटरमध्येच छापलं पाहिजे, आणि तेही भरतीरेषेपासून. महारेराचं म्हणाल तर 500 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटिंगला नोंदणी लागते आणि 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. परवाच्या पानावर मला एकही दिसला नाही.

आता लेखाबद्दल. लेखातला समुद्र डिसेंबरातला आहे. मी जूनमधला पाहिलाय. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. त्यानंतर लाईन उभी करायला जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसं गेली, त्यात मी श्रीवर्धन तालुक्यात होतो. नारळ आणि सुपारीची झाडं तारांसकट आडवी झालेली. वाड्यांमधल्या बोळांत क्रेन शिरत नव्हती, पोल खांद्यावरून न्यावे लागले, गावची पोरं हात लावायला यायची. एका वाडीत एका आजोबांची सगळी सुपारी गेली होती. सुपारी नव्याने लावली तर धरायला सहा-सात वर्षं लागतात, हे त्यांनीच सांगितलं, आणि आम्हाला कोकम सरबत दिलं.

त्यांच्या शेजारी एक चांगला बंगला होता, मालक बाहेरगावचे. पत्रे उडालेले, कौलं फुटलेली, आतल्या गाद्यांवर पाणी. लॉकडाऊन होता, जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा, मालक येणार कसे? राखणदार फोनवर एकेक वस्तू सांगत होता. मी मीटर बघायला गेलो तर पेटीचं दार हातात आलं. बिजागऱ्या गंजून गेलेल्या, कटआउटच्या (फ्यूजच्या खोक्याच्या) आत तांब्यावर हिरवा थर. हे काही त्या वादळाचं काम नव्हतं, खाऱ्या हवेचं होतं. आपल्या नाशिकला जी पेटी वीस वर्षं टिकते ती तिथे पाच-सहा वर्षांत बदलावी लागते. स्लॅबमधल्या सळयांचंही तेच. घर बंद राहिलं की बुरशी आणि वाळवी लागते. पावसाआधी आगोटीची कामं कुणीतरी तिथे राहून करावी लागतात. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं. वीज कधी येणार म्हणून लोक आमच्या गाडीमागे धावायचे, त्यांत इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवणारेही होते.

मिसेसना शुगर आहे, म्हणून मला ते विशेष लक्षात राहिलं. मोठं दुखणं आलं तर तिथली माणसं माणगाव गाठतात, नाहीतर थेट पनवेल-मुंबई. मुलगी नाशिकला, ती आमच्यापर्यंत पोहोचायला सात-आठ तास.

एवढं सगळं पाहूनही मला तिथे जायचं आहे. त्या गावच्या माणसांनी अंधारात राहून आम्हाला जेवू घातलं, ते मी विसरणार नाही. निवृत्त झालो की आधी एक पूर्ण पावसाळा, जून ते सप्टेंबर, दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचं आम्ही ठरवलंय. झेपलं तर त्याच गावात रीतसर एनए घर बघू. आपल्या लेखिकेनेही जुलैत एकदा तिथे जावं आणि बंद घरांच्या राखणदारांशी बोलून दुसरा लेख लिहावा, वाचकांच्या फार उपयोगी पडेल.

जाहिरातींचं मात्र त्याआधी करता येईल. गट नंबर, एनए आदेश, महारेरा आणि मीटरमधलं अंतर दोन ओळींत मावतं. जो जाहिरातदार एवढंही छापायला तयार नाही, त्याने आपल्या पानावरून नाशिकच्या निवृत्त माणसाच्या पीएफपर्यंत पोहोचू नये.

आपला,
एक प्रधान तंत्रज्ञ,
जेलरोड, नाशिकरोड