बाई, तुमच्या त्या एका प्रश्नासाठी

आदरणीय बाई,

सप्रेम सलाम.

रविवारी उपासना संपली की तुमच्याभोवती मुलांचा गराडा असतो आणि आम्ही पालक गाड्या काढायच्या गडबडीत. नीट दोन शब्द बोलायचं राहूनच जातं. शिवाय तोंडावर कुणी कौतुक केलं की तुम्ही लगेच विषय बदलता, हे आता सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आभार तुमचेच आहेत. पण संडे स्कूलमध्ये तुम्ही मुलांना दया कशी शिकवता, ते इतर आईवडिलांनाही कळावं असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही वर्ग हाती घेतलात तेव्हा भिंतीवर एक तक्ता होता. चांगलं काम केलं की नावापुढे चांदणी. तो तुम्ही उतरवलात. काही पालकांना ते रुचलं नाही, मुलांना हुरूप कसा येणार असं त्यांनी विचारलं. तुम्ही बायबलमधला मत्तयाचा सहावा अध्याय उघडून पुढे ठेवलात, उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये असं प्रभू येशू सांगतो तो भाग. आणि म्हणालात, “चांदणी लावली की मूल मदत करताना माझ्याकडे बघतं. त्यानं ज्याला मदत करतोय त्याच्याकडे बघायला हवं.” त्यावर कुणी काही बोललं नाही.

तक्ता गेला आणि त्या जागी तुमचा प्रश्न आला. “या आठवड्यात तू काय चांगलं केलंस?” असं तुम्ही कुणालाही विचारत नाही. तुम्ही विचारता, “या आठवड्यात तुझ्यासाठी कुणी काय केलं?”

सुरुवातीला सगळ्यांची उत्तरं सारखीच. आईनं डबा दिला, पप्पांनी शाळेत सोडलं. पण तुम्ही दर रविवारी विचारत राहिलात, आणि मुलं आठवडाभर डोळे उघडे ठेवायला लागली. रिक्षावाल्या काकांनी पावसात दप्तर आपल्या पायाशी कोरडं ठेवलं. शेजारच्या मुलीनं पेपरच्या दिवशी कर्कटक दिला. वरच्या मजल्यावरच्या खालांनी ईदला शीरखुर्मा पाठवला, तोही माझ्या वाटीत जास्त खजूर घालून. आमची धाकटी म्हणाली, घंटागाडीवरच्या मावशी मला चिखलात उतरू देत नाहीत, स्वतः पुढे येऊन कचऱ्याचा डबा घेतात. हे रोज घडत होतं आणि मी रोज खिडकीतून पाहत होतो. तिनं सांगेपर्यंत ते कुणीतरी तिच्यासाठी केलेलं काम आहे असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मग तुमचा दुसरा प्रश्न: “त्यांना सांगितलंस का?” दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकच परत आला, ही लूकमधली गोष्ट आमच्या मुलांना तोंडपाठ आहे, पण ती जगायची कशी हे तुमच्या या प्रश्नानं दाखवलं. धाकटी दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडीच्या आवाजाबरोबर खाली पळाली. मावशी आता तिला नावानं हाक मारतात.

मला यात सर्वांत मोठी गोष्ट दिसते ती ही. ख्रिस्ती मुलांना परोपकार शिकवताना आपण नकळत त्यांना देणाऱ्याच्या जागी बसवतो आणि बाकी जगाला घेणाऱ्याच्या. तुम्ही आधी त्यांना घेणाऱ्याच्या जागी बसवलंत. दहांपैकी परत आला तो शोमरोनी होता. वाटेत जखमी पडलेल्याला उचलणाराही शोमरोनीच, यहूदी ज्यांच्याशी व्यवहारसुद्धा ठेवत नसत त्या लोकांपैकी. प्रभूनं दोन्ही वेळा भलेपणा बाहेरच्या माणसात दाखवला. नाशकात आमच्या मुलाच्या वर्गात तो बहुतेक वेळा एकटाच ख्रिस्ती असतो. आपल्या भोवतीचे लोक आपल्याशी किती चांगले वागतात हे ज्याला दिसतं, तो मुलगा भिऊन किंवा फुगून राहत नाही.

चांगल्या शोमरोन्याचा तुमचा धडा मी मागच्या बाकावर बसून ऐकला आहे. यरुशलेम ते यरीहो ही वाट साधारण २५ किलोमीटर आणि उतार १००० मीटरच्या आसपास, हे सांगून तुम्ही म्हणालात, कसारा घाट उतरतो तशी, पण ओसाड आणि चोरांची. मुलं एकदम सरसावून बसली. मग फळ्यावर एकच शब्द लिहिलात, ‘पाहिले’. लुटून वाटेत टाकलेल्या माणसाला याजकानं, म्हणजे पुरोहितानं, पाहिलं. लेव्यानं, म्हणजे मंदिराच्या सेवकानं, पाहिलं. शोमरोन्यानंही पाहिलं. “मग फरक कुठे पडला?” मुलांनी शोधून काढलं: तो जवळ गेला. त्याच्याकडे होतं ते तेल आणि द्राक्षारस त्यानं जखमांवर ओतला, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं. दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे तुम्ही सांगितल्यावर एका मुलानं आपल्या वडिलांच्या हजेरीशी तो हिशेब लावला. आणि शेवटी तो म्हणाला, अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. या ‘परत येईन’वर तुम्ही बराच वेळ थांबलात. एकदा मदत करून मोकळं व्हायचं नाही, पुन्हा जाऊन विचारायचं.

त्याचा अर्थ मला दवाखान्यात कळला. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आमचा मोठा संध्याकाळी आजीजवळ बसायचा. शेजारच्या खाटेवर दिंडोरीकडचे एक आजोबा. त्यांच्याकडे दिवसभर कुणी यायचं नाही, मुलगा द्राक्षबागेच्या छाटणीत अडकलेला. हा त्यांच्याजवळ गेला आणि आधी विचारलं, “आजोबा, काही हवंय का?” माझी बायको सफरचंद कापून द्यायला निघाली होती, पण आजोबांना खायला नको होतं. त्यांना चष्मा हवा होता, तो खाटेखाली पडला होता आणि वाकता येत नव्हतं म्हणून ते सकाळपासून तसेच पडून होते. यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, दिला. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी सातपूरहून ड्यूटी संपवून मी घरी आलो तर हा बूट घालून तयार. आजीला त्या दिवशी आत्याकडे हलवलं होतं, आता दवाखान्यात आपलं कुणी नाही, असं मी म्हणालो. “आजोबा आहेत ना. मी परत येतो म्हणालोय.” आम्ही गेलो. बाई, मी त्याचा बाप आहे आणि त्या दिवशी मी त्याच्या मागून चालत होतो.

‘आधी विचारायचं’ हे तुम्ही मुलांच्या अंगवळणी पाडलंत, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. मोठ्यांनाही हे जमत नाही. आपल्याला द्यायला सोपं असतं ते आपण देऊन टाकतो.

आपल्या नाशकातल्या शरणपूरच्या जुन्या दिवसांबद्दल तुम्ही जे सांगितलंत, त्यानंही मुलं हलली. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या संस्थेनं वसवलेली ही वस्ती, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे येऊन शिकली, हे मुलांना ठाऊकच नव्हतं. आपण रोज ज्या शरणपूर रोडवरून सिग्नल चुकवत जातो, तिथे! त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत प्रसिद्ध मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचा देह सोबत्यांनी समुद्रापर्यंत वाहून आणला आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, त्या वेळी जेकब तिथे हजर होता. दुसऱ्या कुणी हा पराक्रम सांगून धडा संपवला असता. तुम्ही मुलांना विचारलंत, “तो इथे नवा होता, भाषा येत नव्हती, तेव्हा पाणी कसं मागायचं हे त्याला कुणी शिकवलं असेल?” धाकटीच्या वर्गात या वर्षी झारखंडहून आलेली एक मुलगी आहे, वडील एमआयडीसीत कामाला. त्या आठवड्यापासून दोघी मधल्या सुट्टीत डबा एकत्र खातात. एक पदार्थ, एक मराठी शब्द, असं त्यांचं ठरलंय. भेंडीला आणि बटाट्याला काय म्हणतात ते झालंय, आता वरणावर गाडी आहे.

आणि नाताळचा फराळ. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. करंज्या गेल्या की त्याच डब्यातून काहीतरी येतंच, आणि ही रीत सुंदर आहे, ती मोडावी असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. पण ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना मेजवानीला बोलवा, हे प्रभूचं सांगणं वाचून दाखवून तुम्ही मुलांना प्रत्येक घरातून एक जास्तीचा डबा करायला लावलात, जो भरून परत येणार नाही अशा ठिकाणी द्यायचा. कुणी रात्रपाळीच्या वॉचमनला दिला, कुणी सुट्टीतही गावी न जाता येणाऱ्या होस्टेलच्या मुलांना. देताना फोटो काढायचा नाही, हीसुद्धा तुमचीच अट. आम्ही पालकांनी ती पाळली, याचं मला समाधान आहे.

एवढं सगळं तुम्ही विनामोबदला करता, आठवडाभराची नोकरी सांभाळून, शनिवारी रात्री जागून चित्रं कापत. आम्ही घरी मुलांसाठी प्रार्थना करतो त्यात तुमचं नाव असतं, हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

यंदाच्या फराळाचं मी आधीच बोलून ठेवतो. डबे पोहोचवायला माझा छोटा टेम्पो आहे, डिझेल माझं, आणि नाताळच्या आधीचा शनिवार मी सुट्टी टाकून ठेवली आहे. बायको चकलीच्या भाजणीचं बघेल. किती घरं होतील आणि कुठून सुरुवात करायची, तेवढं या रविवारी सांगा.

आपला नम्र,
तुमच्या वर्गातल्या दोन मुलांचा बाप