बाई, तुम्ही माझी विहीर विचारलीत

प्रिय बाई,

वर्गात सगळ्या तुम्हाला मिस म्हणतात. माझ्या तोंडून पहिल्याच दिवशी बाई निघालं आणि तुम्ही ते चालवून घेतलंत, म्हणून इथेही बाईच.

बेचाळिसाव्या वर्षी मी बॅले शिकायला तुमच्याकडे आले, त्याआधी आठ महिने दुसऱ्या एका वर्गात काढले होते. तिथे रोज तेच: गुडघे बाहेर, पोट आत, खांदे खाली. एकेक अवयव सांभाळता सांभाळता मी लाकडासारखी ताठ व्हायचे. कधी उपमा मिळालीच तर ती अशी, की पडत्या बर्फासारखं अलगद उतरा. मी जन्मात बर्फ पडताना पाहिलेला नाही. तसं म्हटलं तर उत्तर आलं, "या वयात शरीर ऐकत नाही, मनाला लावून घेऊ नका." मी लावून घेतलं, बाई. घरी येऊन नळ सोडून रडले.

तुमच्याकडे तिसऱ्या शनिवारी प्लिए, म्हणजे गुडघे वाकवून हळू खाली जायचं, ते करताना मी पुन्हा धपकन खाली गेले. तुम्ही गाणं बंद केलंत, माझ्याशेजारी येऊन आधाराच्या दांडीवर, आपल्या बारवर, हात ठेवलात आणि विचारलंत, "लहानपणी कुठे होतीस गं?"

कोकणात, म्हटलं.

"घरी विहीर होती? पोहरा कसा सोडायचीस?"

मी सांगत गेले. सुंभ एकदम सोडला तर पोहरा आतल्या दगडांवर आपटतो, तळहात सोलवटतात. मुठीतून सरकू द्यायचा, पण पकड सुटू द्यायची नाही.

"मग तेवढंच कर. पोहरा खाली जाऊ दे, दोर रहाटाला ताणलेला राहू दे."

मी गुडघे वाकवले. कंबर खाली गेली, मान वर राहिली, टाचा जमीन धरून राहिल्या. वर येताना भरला पोहरा हिंदकळू द्यायचा नसतो, हे तुम्हाला सांगावंही लागलं नाही.

तो एक प्रश्न मी अजून विसरले नाही. माझ्या शेजारच्या मुलीने विहीर पाहिलेली नव्हती. तिला तुम्ही तिच्या जुन्या इमारतीची हळू उतरणारी लिफ्ट दिलीत.

फ्रान्सच्या राजाने, चौदाव्या लुईने, १६६१ मध्ये पॅरिसला नृत्याची अकादमी काढली. त्या दरबारातली फ्रेंच अजून आपल्या वर्गात ऐकू येते. बॅलेतल्या हालचालींची ती फ्रेंच नावंच उपमा आहेत, हे तुमच्यामुळे कळलं. फोंद्यू म्हणजे वितळलेलं, फ्रापे म्हणजे फटकारलेलं, पा द शा म्हणजे मांजराचं पाऊल. फोंद्यूला तुम्ही लोणी कढवायला ठेवलंत, फ्रापेला काडेपेटीवर काडी ओढायला लावलीत. मागाहून वाचलं, की गाब्रिएले वुल्फ या संशोधिकेने हे प्रयोगांनी तपासलंय: स्वतःच्या अवयवावर नजर ठेवण्यापेक्षा हालचालीतून बाहेर काय घडायला हवं तिकडे लक्ष दिलं, तर शरीर लवकर शिकतं. १९९८ पासूनचे हे निष्कर्ष. म्हणजे माझं वय आड येत नव्हतं.

पण नुसती उपमा कुणीही देईल. समोरचा माणूस रिकाम्या हाताने आलेला नाही, असं धरून विचारायला मन लागतं. असं विचारणारी माणसं मला फार थोडी भेटली. एक आमच्या गावच्या शाळेत होते, एक बँकेतल्या पहिल्या नोकरीत, आणि तुम्ही.

गणपतीला गावी गेले होते. विहिरीवर आता पंप आहे, रहाट मात्र तसाच गंजत उभा. कठड्याला धरून मी आईला प्लिए करून दाखवला आणि तुमची पोहऱ्याची गोष्ट सांगितली. तिने बॅले कधी पाहिलेला नाही. ती दोन वेळा नीट बघून म्हणाली, "दोर जरा घट्ट धरतेस. अजून थोडा सरकू दे."

या शनिवारी तसं करून दाखवते.

तुमची,
शनिवारच्या बॅचमधली कोकणातली